शाळेचं वर्ष आणि कामाचं वर्ष

मित्रहो, शाळेच्या वेळा आणि सुट्ट्या आईबापांच्या कामाच्या वेळांशी जुळवून घ्याव्यात का, हा आजचा विषय. याचं उत्तर बहुतेक जण चटकन 'हो' असं देतात. पण पुढे विचारलं, की कुणाच्या कामाशी, तर गाडी अडते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या जोडप्याला शनिवारची शाळा नको असते आणि मे महिना लहान हवा असतो. बीडमधल्या पाटोद्याच्या किंवा आष्टीच्या ऊसतोड जोडप्याचं काम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाला संपतं, म्हणजे शाळेच्या वर्षाचा नेमका मधला भाग त्यांच्या हातून जातो. गडचिरोलीतल्या पाड्यावर मार्चमधल्या पहाटे मोहफुलं वेचायची असतात. ही तिन्ही कामंच आहेत, आणि तिन्ही कॅलेंडरं एकमेकांशी भांडतात. त्यामुळे मी आज हिशेबापासून सुरुवात करणार आहे.

महाराष्ट्राच्या माध्यमिक शाळा संहितेनुसार वर्षभरातल्या सगळ्या प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ पेक्षा जास्त होता कामा नयेत. रविवार यात धरलेले नाहीत. ३६५ मधून ५२ रविवार गेले, ७६ सुट्ट्या गेल्या, उरले २३७ दिवस. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं परिशिष्ट सांगतं की पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास हवेत. सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. म्हणजे आपल्याकडे कागदावर पाचवीपर्यंत ३७ दिवसांची सवड आहे, आठवीपर्यंत १७ दिवसांची. अतिवृष्टी झाली की जिल्हाधिकारी आदल्या रात्री सुट्टी जाहीर करतात, निवडणुकीला शाळेत मतदान केंद्र असतं, शिक्षक प्रशिक्षणाला जातात. हे सगळं या सवडीतून जातं. ती सवड एकदा संपली की रविवारी शाळा भरवण्याशिवाय मार्ग राहत नाही, आणि रविवारच्या शाळेला किती मुलं येतात ते इथल्या मुख्याध्यापकांना विचारा.

आता आईबापांची बाजू. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ ज्यांना लागू आहे, त्यांना वर्षाला ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या, ८ नैमित्तिक रजा आणि २४० दिवस काम भरल्यावर दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. सहा दिवसांच्या आठवड्यात वर्षाला तीनशेच्या आतबाहेर दिवस काम होतं, म्हणजे ही रजा १४-१५ दिवस. सगळं मिळून ३० दिवस. मुलाला ७६. समाईक ८ सण दोन्हीकडून वजा केले तर मुलाचे ६८ दिवस उरतात आणि पालकाचे २२. आई आणि बाप दोघांनी पाळीपाळीने रजा टाकली, एकदाही एकत्र गावी गेले नाहीत, कुणी आजारी पडलं नाही, तरी ४४ होतात. २४ दिवस उघडेच. आणि हा हिशेब कायद्याचं संरक्षण असलेल्या माणसाचा आहे. धुणीभांडी करणाऱ्या बाईला, रिक्षावाल्याला, नाक्यावरच्या मजुराला भरपगारी रजा हा प्रकारच नाही.

मुलाचे हे ७६ दिवस कुठे आहेत तेही बघा. २ मे ते १४ जून धरले तर रविवार सोडून ३८ दिवस उन्हाळ्यात जातात. दिवाळीत बारा-तेरा जातात. उरलेले पंचवीसएक दिवस वर्षभर एकेकटे विखुरलेले असतात. नोकरी करणाऱ्या पालकाला छळतात ते हे एकेकटे दिवस. मे महिन्याची सोय माणूस तीन महिने आधी लावतो, आजोळी पाठवतो, आजीला बोलावतो. बुधवारच्या एका सुट्टीला आजी नाशिकहून येत नाही. म्हणून उन्हाळी सुट्टी तोडा, ही मागणी मला चुकीच्या जागी बोट ठेवणारी वाटते. संहितेच्या चौकटीतच एक सोय आहे: उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी कमी करून ते दिवस गणेशोत्सवाला किंवा नाताळला घेता येतात, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन. कोकणातल्या शाळा गणपतीसाठी हे करतात. मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या असतात, त्या बऱ्याच ठिकाणी जशा सुचतील तशा उडवल्या जातात. त्या एखाद्या सणाला जोडून घेतल्या आणि जूनमध्येच पालकांच्या हातात छापील यादी दिली, तर आदल्या दिवशी रात्री नऊ वाजता गटावर येणारा 'उद्या शाळेस सुट्टी' हा निरोप तरी कमी होईल. यात सरकारचा एक रुपया खर्च नाही.

पाच दिवसांच्या आठवड्याचं काय? राज्य सरकारची कार्यालयं २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांची झाली आणि शाळा त्यातून वगळल्या गेल्या. तेव्हापासून मागणी आहे. गणित करू. ३६५ मधून शनिवार-रविवार मिळून १०४ गेले, २६१ उरले. त्यातून ७६ गेले, १८५. पण इथे एक चूक हमखास होते: या ७६ सुट्ट्यांमध्ये दहा-बारा शनिवार आधीच मोजलेले आहेत, ते दोनदा वजा झाले. ते परत मिळवा, १९५ ते १९७ होतात. पाचवीपर्यंतचे २०० भरत नाहीत, आठवीचे २२० तर नाहीतच. तासांचं मात्र उलट आहे. साडेदहा ते पाच म्हणजे साडेसहा तास. परिपाठ, जेवणाची आणि छोटी सुट्टी काढली तर शिकवायला साधारण पाच तास उरतात. १९६ दिवस गुणिले पाच, ९८० तास. शनिवारच्या सकाळच्या शाळेचे तीन तास रोजच्या दिवसात वाटले तर दिवसाला अर्ध्या तासाच्या वर थोडी भर पडते, की हजार पार. म्हणजे तास भरतात, दिवस भरत नाहीत, आणि कायद्याला दोन्ही लागतात. ज्या खासगी शाळा पाच दिवस भरतात त्या दिवस लांबवतात आणि सुट्ट्या कापतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे करायचं तर सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तेवीस ते पंचवीस दिवस सुट्टीतून काढावे लागतील. ते मे महिन्यातून काढायचे म्हटलं तर विदर्भात मे महिन्यात पत्र्याखाली वर्ग भरवून दाखवा. तिथल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिराच उघडतात, ते काही हौस म्हणून नव्हे.

इथे एक समजूत बाजूला करतो. उन्हाळी सुट्टी शेतीसाठी पडली, जुनी झाली, आता काढा, असं अनेकदा ऐकू येतं. ही समजूत मूळची अमेरिकेतली आणि तिथेही ती खरी नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या खेड्यांतल्या शाळा हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात भरत. बंद असत त्या वसंतातल्या पेरणीला आणि शरदातल्या कापणीला, कारण शेतात हात तेव्हा लागत. शहरांतल्या शाळा जवळजवळ वर्षभर चालत. उकाड्यात सधन घरातली मुलं शहर सोडून जात आणि वर्ग रिकामे पडत. पुढे खेड्याची आणि शहराची वर्षं एकसारखी करताना मोठी उन्हाळी सुट्टी सगळ्यांच्या वाट्याला आली. आपल्याकडेही पाहा. मे महिन्यात शेतात फार तर नांगरट आणि पाळी. खरी तारांबळ मृगानंतर, आणि शाळा १५ जूनला, पेरणीच्या ऐन तोंडावर उघडते. कोकणात लावणी जूनच्या अखेरीपासून जुलैत. सोयाबीनची काढणी ऑक्टोबरात, तेव्हा पहिल्या सत्राची परीक्षा. आपली सुट्टी शेतीसाठी असती तर ती जुलै आणि ऑक्टोबरात पडली असती. ती ऊन आणि पाणी यांच्यामुळे मे महिन्यात आहे.

आता ज्यांचं वर्ष शाळेच्या वर्षाला खरोखर आडवं जातं त्यांच्याकडे येऊ. गळीत हंगाम ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या भागांतून टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती पावसाळ्यातच खर्च झालेली असते, त्यामुळे निघायची तारीख कुटुंबाच्या हातात नसते. मूल १ नोव्हेंबरला गेलं आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्चअखेर परतलं असं धरा. मधले १५१ दिवस. रविवार, सण वगळले तर शाळेचे साधारण ११५. कायद्याच्या किमान हिशेबाने दिवसाला चार तास, म्हणजे ४६० तास. ८०० पैकी निम्म्याहून जास्त गेले. परत येतं तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते. बसवलं तर काही येत नाही, नाही बसवलं तर निकालपत्रक अडतं.

मग वर्षच फिरवायचं का? बीडमध्ये शाळा एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत भरवायची आणि हंगामात सुट्टी द्यायची? कागदावर हे सुंदर दिसतं. आईबाप फडात तेव्हा सुट्टी, आईबाप गावात तेव्हा शाळा. पण तीन गोष्टी आडव्या येतात. पहिली, त्या गावातली सगळी घरं जात नाहीत. अर्धा वर्ग गावातच असतो, त्याला पाच महिने कुठे ठेवणार? दुसरी, एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यात गावाला टँकर लागलेला असतो, शाळेच्या टाकीचा नंबर शेवटचा. तिसरी सगळ्यात गंभीर आहे. हंगामात शाळा बंद ठेवली की मागे राहण्याचं एकमेव कारण संपतं. आज निदान शाळा चालू आहे म्हणून काही पोरं आजीआजोबांकडे राहतात. उद्या सगळी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत, जातील. दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला, पाणी भरायला, वाढं म्हणजे उसाचे शेंडे बांधायला.

ही तिसरी गोष्ट कायद्याच्या भाषेत सांगतो, कारण फार थोड्यांच्या लक्षात आहे. बालकामगार कायदा १९८६ चा, त्याची २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी, पण एक अपवाद: धोकादायक नसलेल्या घरच्या कामात किंवा घरच्या धंद्यात मूल मदत करू शकतं, शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत. म्हणजे शाळेची सुट्टी ही नुसती सुट्टी नाही, ती बालमजुरीच्या कायद्यातली फट किती रुंद उघडायची ते ठरवते. कापूस वेचणीला सुट्टी दिली की वेचणीत मूल दिसल्यावर कुणाला विचारताच येणार नाही. विचारलं तर उत्तर तयार: 'साहेब, सुट्टी आहे.' शाळेचं कॅलेंडर हंगामाशी जुळवा म्हणणाऱ्या प्रत्येकाने आधी याचं उत्तर द्यावं. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुट्टीला अजूनही काही भागांत बटाट्याची सुट्टी म्हणतात, कारण पूर्वी तेव्हा पोरं बटाटे वेचायला शेतात जात. यंत्रं आली, वेचणी गेली, सुट्टी राहिली. आपल्याकडे वेचणी अजून हातानेच होते.

म्हणून स्थलांतरित मुलांच्या बाबतीत दिवस हलवण्यापेक्षा त्यांची कागदपत्रं, ताट आणि शिक्षक हलले पाहिजेत. कायद्यात हे सगळं आहे. कलम ५ नुसार मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखला नाही म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. कलम ९ मध्ये स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचे प्रवेश ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी सांगितली आहे. त्याच कलमात शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचा अधिकारही दिला आहे. महाराष्ट्राने त्यासाठी शिक्षण हमी पत्रक आणलं: मूल कोणत्या वर्गात, काय येतं, हे लिहून पालकाच्या हातात द्यायचं, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत दाखवता येईल.

मग अडतं कुठे? संचमान्यतेत. शाळेला किती शिक्षक मंजूर होणार हे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतं. त्या तारखेला ऊसतोडीचं मूल गावच्या शाळेत असतं. नोव्हेंबरात ते सांगली-कोल्हापूरकडच्या शाळेत गेलं, तर त्या शाळेला त्याच्यासाठी शिक्षक मिळत नाही. पन्नास पोरं अचानक आली, वर्ग दोनच, शिक्षक दोनच. मुख्याध्यापक त्यांना बसवून घेतील, पण 'पाहुणे' म्हणून. तांदळाची मागणी वेळेत वाढवली नाही तर ताटाचंही तेच. पोषण आहारात पाचवीपर्यंत माणशी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य धरतात. पन्नास जास्तीच्या लहान मुलांना दिवसाला पाच किलो तांदूळ जास्त लागतो. ही मागणी कळवणं हे एका पत्राचं काम आहे, पण ते पत्र हंगामाच्या पहिल्या आठवड्यात गेलं पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे, की राज्याने शाळेच्या वर्षाची एकही तारीख न बदलता कारखान्यांच्या परिसरातल्या शाळांसाठी १५ डिसेंबरला दुसरी पटमोजणी घेतली, आणि त्यावर मार्चअखेरपर्यंतचे तात्पुरते शिक्षक दिले, तर कॅलेंडर बदलण्याच्या सगळ्या चर्चांपेक्षा जास्त फरक पडेल.

गावात मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृह असतं. अनेक ठिकाणी नाव वसतिगृह असलं तरी मूल झोपतं आजीकडे आणि शाळेत दोन वेळ जेवतं. शाळा व्यवस्थापन समितीने यात काय करायचं ते क्रमाने सांगतो. पोळा झाला की घरोघर यादी: कोण जाणार, मुकादम कोण, कारखाना कोणता, मूल न्यायचं की ठेवायचं, ठेवायचं तर कुणाकडे. मुकादमाला विचारायला लाजू नका, त्याच्या वहीत तारखा असतात. सप्टेंबर संपायच्या आत प्रस्ताव पंचायत समितीत पोचला पाहिजे. इथेच सगळं बिनसतं. प्रस्ताव ऑक्टोबरात गेला तर मंजुरी येईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात, आणि आईबाप रिकाम्या वसतिगृहाच्या भरवशावर पोर मागे ठेवत नाहीत. एकदा ट्रकमध्ये चढलेलं मूल जानेवारीत परत आणायला कुणी जात नाही. दुसरं, स्वयंपाकासाठी पहिल्या पंधरवड्याचा शिधा हाताशी ठेवा. अनुदान उशिरा येतं हे गृहीत धरूनच चला. तिसरं, ज्या घरात मागे फक्त म्हातारा आजा आहे तिथल्या मोठ्या मुलीचं नाव वेगळं काढा. ती दुपारच्या सुट्टीत स्वयंपाकाला घरी जाते आणि परत येत नाही; महिन्याची हजेरी बघितली तर ती पूर्ण दिसते, कारण हजेरी सकाळी होते. दुपारनंतर दुसरी हजेरी घ्या.

२०२१ मध्ये राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकी शंभर जणांची. दिशा बरोबर आहे. संख्या किती अपुरी आहे ते बीड जिल्ह्यातल्या कुणालाही विचारा.

परतलेल्या मुलांचं काय करायचं, हे थोडक्यात. जून-जुलैत चाळीस दिवस, रोज दोन तास, फक्त वाचन आणि गणित. इयत्तेनुसार बसवू नका. अक्षर ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी एकीकडे, परिच्छेद वाचणारी एकीकडे. चाळीस दुणे ऐंशी तास होतात. गेलेल्या ४६० ची भरपाई त्यातून होत नाही, पण पाचवीतलं पोर परिच्छेद वाचायला लागलं तर उरलेलं वर्ष त्याच्या कामी येतं. हे तास शाळेच्या वेळेतच घ्यायचे. शाळेनंतर ठेवले की ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तीच मुलं म्हशी सोडायला गेलेली असतात.

प्रत्येक कामाला हा एकच उपाय लागू पडत नाही, म्हणून आणखी दोन उदाहरणं. पालघर, ठाणे, रायगडमधल्या वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाच्या तोंडाला विझतात. कातकरी कुटुंबं भट्टीवर राहायलाच जातात. भट्टी बहुतेकदा त्याच जिल्ह्यात किंवा शेजारी असते आणि हंगामभर एका जागी असते, उसाच्या टोळीसारखी फडामागे फिरत नाही. इथे जवळच्या शाळेत तात्पुरता प्रवेश आणि भट्टीपासून शाळेपर्यंत वाहन, एवढं पुरतं. मोहफुलांचं त्याहून सोपं आहे. फुलं रात्री-पहाटे गळतात आणि जनावरं खायच्या आत, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. मार्चमध्ये आपण काय करतो? उन्हामुळे सकाळची शाळा लावतो, सात वाजता. नेमक्या त्याच वेळी अख्खा पाडा झाडाखाली असतो. मग गैरहजेरीचा अहवाल जातो, 'पालक उदासीन'. गडचिरोली, गोंदियाच्या अशा पाड्यांवर मोहाचे तीन आठवडे शाळा साडेआठला सुरू करून साडेबाराला सोडली तर एक दिवसही न गमावता प्रश्न सुटतो. कॅलेंडर जुळवणं म्हणजे मला हे अभिप्रेत आहे: तीन आठवडे, दीड तास, एका पाड्यापुरतं.

पण वारं उलट दिशेने वाहतं आहे. २०२५ मध्ये राज्यभर वार्षिक परीक्षांचं एकच वेळापत्रक आलं, २५ एप्रिलपर्यंत. गोव्यात त्याच वर्षी सहावीपासूनच्या बहुतेक वर्गांचं वर्ष एप्रिलातच सुरू करून मे महिन्याची सुट्टी मध्ये ठेवली. एकसारखेपणामुळे तपासणी सोपी होते, हे मान्य. दहावी-बारावीला तो लागतोच, कारण मंडळाची परीक्षा एक आहे. आठवीपर्यंत तो कशाला? जर्मनीत उन्हाळी सुट्टी राज्याराज्यांत वेगवेगळ्या तारखांना सुरू होते आणि बव्हेरियाची सगळ्यात शेवटी. फ्रान्सने हिवाळी आणि वसंत सुट्टीसाठी देशाचे तीन विभाग केले आहेत. तिथे कारण रस्ते आणि पर्यटन आहे, पण मुद्दा हा, की एका देशात एकाहून जास्त शालेय कॅलेंडरं नांदू शकतात.

शहरातल्या पालकांकडे परत येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, मुलांची झोप व्हावी म्हणून. हेतू चांगला. पण मुंबई-पुण्यातली दोन पाळ्यांची शाळा घ्या. पहिली पाळी सात ते साडेबारा, दुसरी साडेबारा ते सहा. पहिली नऊला सुरू केली तर अडीचला सुटणार आणि दुसरी रात्री आठला. म्हणून शाळांनी अदलाबदल केली: लहान मुलं दुपारी, मोठी सकाळी सातला. झोपेचं शास्त्र मात्र सांगतं की वयात येणाऱ्या मुलांचं झोपेचं घड्याळ उशिराकडे सरकतं. पहाटेची शाळा जास्त जाचते ती त्यांना. आणि दुपारी साडेबाराला शाळेत जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला सकाळी कोण सांभाळणार? आई-बाप दोघंही नऊला बाहेर पडलेले. एका इमारतीत दोन शाळा असेपर्यंत वेळेचे सगळे आदेश असेच दुसरीकडून फुटणार.

माझं म्हणणं असं, की शिकवण्याचे तास आणि मूल सुरक्षित जागी असण्याचे तास हे दोन वेगळे आकडे आहेत. ते वेगळे मोजा. पहिला आकडा मुलाच्या वयावर ठरवा: सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला चार तास शिकवणं पुरे आहे, साहेब आठ तास काम करतात म्हणून त्याने आठ तास शिकावं असं नाही. दुसरा आकडा आईबापांच्या कामावर ठरवा. जर्मनीने २०२१ मध्ये यासाठी कायदा केला. १ ऑगस्ट २०२६ पासून पहिलीच्या मुलांना आणि मग टप्प्याटप्प्याने चौथीपर्यंतच्या सगळ्यांना आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तास देखरेखीचा हक्क; शाळेचे तास त्या आठांतच धरलेले. सुट्टीतही हा हक्क चालू, वर्षाला जास्तीत जास्त चार आठवडे बंद ठेवता येतं. सुट्ट्यांना हात लावलेला नाही.

आपल्याकडे हे कसं करता येईल? इमारत आहे, ती पाचला कुलूपबंद होते. एक वर्गखोली, तीस मुलं, दोन माणसं, पाच ते साडेसात. दोन माणसं अशासाठी, की एक मुलांना शौचालयाकडे किंवा फाटकापर्यंत घेऊन गेलं तरी खोलीत एक राहतं. यातलं कुणीही शाळेचा शिक्षक नको. शिक्षकावर हे लादलं की दोन महिन्यांत बंद पडतं किंवा त्याची शिकवणी होते, आणि शिकवणी झाली की फी आली, फी आली की गरीब मूल गेलं. गृहपाठ करू द्या, खेळू द्या, शेंगदाणे-गूळ किंवा चुरमुरे द्या. मुलाला न्यायला येणाऱ्या दोन माणसांची नावं आधी लिहून घ्या, तिसऱ्याच्या हातात देऊ नका, मामा म्हणाला तरी. हिवाळ्यात सहाला अंधार पडतो, म्हणून मुलींच्या घरच्यांनी न्यायला यायचं की गटाने सोडायचं हे पहिल्या दिवशी ठरवा.

सुट्टीत शाळा उघडी ठेवायची तर ताटाचा प्रश्न आधी सोडवा. दुष्काळ जाहीर झालेल्या भागांत उन्हाळी सुट्टीतही पोषण आहार देण्याची तरतूद आहे. अनुभव असा, की ताट असेल तर मूल येतं, नुसतं 'उन्हाळी शिबिर' असेल तर पहिल्या आठवड्यानंतर पाच-सहा उरतात. आणि शिक्षकांना सुट्टीत बोलवायचं असेल तर त्यांच्या रजेचा हिशेब मांडा. शिक्षक हा दीर्घ सुट्टी मिळणारा कर्मचारी धरलेला आहे, म्हणून इतर सरकारी नोकरांइतकी अर्जित रजा त्याला नाही. मे महिना काढून घेतला तर ती रजा द्यावी लागेल, आणि तेवढ्या दिवसांसाठी वर्षाच्या मध्ये बदली शिक्षक लागेल. ज्या राज्यात मंजूर पदं भरायला वर्षं लागतात तिथे हा बदली माणूस कुठून येणार, हे मागणी करणाऱ्याने सांगायचं.

शेवटी किल्लीचा प्रश्न, कारण व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तोच पहिला निघतो. पाचनंतर शाळेची किल्ली कुणाकडे, विजेचं बिल कुणाचं, काही मोडलं तर भरपाई कुणाची. शाळेची मालमत्ता जिल्हा परिषदेची आहे, म्हणून समितीचा ठराव, मुख्याध्यापकांचं पत्र आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी या तीन कागदांशिवाय खोली उघडू नका. विजेसाठी त्या खोलीला वेगळा उपमीटर बसवा आणि त्याचा खर्च ग्रामपंचायतीकडे मागा. किल्ली दोन माणसांकडे ठेवा, आणि त्या दोघांतली एक तरी बाई शाळेपासून पाच मिनिटांच्या अंतरावर राहणारी असू द्या.